ऑथरिंग सॉफ्टवेअर व्हिडिओ घेत नाही. घेतलाच तर चित्र काळं, नाहीतर आवाज गायब

मांजराकाठ, लातूर

औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या शेतकरी गटांसाठी सोयाबीनची घरगुती उगवणशक्ती चाचणी आणि बीजप्रक्रिया यावर ई-लर्निंग कोर्स बांधतोय. विंडोजवर चालणारं ऑथरिंग सॉफ्टवेअर आहे, म्हणजे स्लाइड, व्हिडिओ आणि प्रश्न जोडून कोर्स बांधायचं साधन. त्यातून स्कॉर्म १.२ पॅकेज (कोर्स एका झिपमध्ये बांधायचा ठरलेला नमुना) काढून मूडल या ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या यंत्रणेवर चढवायचं आहे. शिकणारे जवळपास सगळे अँड्रॉइड फोनवर आणि मोबाइल डेटावर.

चित्रीकरण वेगवेगळ्या हातांनी झालंय, त्यामुळे फाइली पंचमेळ आहेत:

– आयफोनच्या एमओव्ही फाइली. इम्पोर्ट करतानाच ‘फॉरमॅट चालत नाही’ असा निरोप येतो.
– अँड्रॉइड फोनच्या एमपी४ फाइली. इम्पोर्ट होतात, पण प्रिव्ह्यूत पडदा काळा आणि फक्त आवाज.
– जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली. एका साइटवर एमपी४ करून घेतल्या. आता चित्र दिसतं, पण हात हलला की आडव्या रेघा दिसतात आणि आवाज नाही.
– ओबीएसने केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग, एमकेव्ही.
– जुन्या सीडीवरचे काही फ्लॅशचे एफएलव्ही आणि एसडब्ल्यूएफ धडे. ॲनिमेशन चांगलं आहे, टाकून द्यायची इच्छा नाही.

एक अडचण वेगळीच आहे. व्हिडिओच्या मध्ये प्रश्न येतात. सुरुवातीचे वेळेवर येतात, आठव्या-नवव्या मिनिटाला मात्र तीन-चार सेकंद आधीच उगवतात. सगळ्यांना एकच उपाय लागू होतो की प्रत्येक फाइलीला वेगळा?

गोदावरी_नांदेड

शेवटी सगळ्या फाइली एकाच साच्यात आणायच्या, पण त्याआधी प्रत्येकीच्या आत काय आहे ते बघा. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही फक्त वेष्टनाची नावं. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये (दाबून साठवायच्या पद्धतीत) आणि आवाज कोणत्या, यावर गाडी चालते किंवा अडते. म्हणून एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही.

मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका, फाइल त्यावर ओढा आणि व्ह्यू मेनूतून टेक्स्ट निवडा. नवीन काही टाकायचं नसेल तर व्हीएलसीत कंट्रोल-जे दाबूनही बरंचसं कळतं. बघायच्या ओळी अशा: व्हिडिओचा फॉरमॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग, फ्रेमरेट मोड, स्कॅन टाइप आणि ऑडिओचा फॉरमॅट.

तुमच्या वर्णनावरून अंदाज सांगतो.

अँड्रॉइडची काळी फाइल म्हणजे एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिएन्सी व्हिडिओ’ चालू असलं की फोन त्यातच नोंदवतो. जागा वाचते, पण बऱ्याच ऑथरिंग सॉफ्टवेअरना ते उलगडता येत नाही. आवाज एएसी या नेहमीच्या कोडेकमध्ये असतो म्हणून तेवढा ऐकू येतो. क्रोमसुद्धा एचईव्हीसी फक्त तिथंच चालवतं जिथं यंत्राच्या हार्डवेअरमध्ये त्याचा डिकोडर आहे. म्हणून उद्या तुमच्या संगणकावर चालली तरी निलंग्यातल्या स्वस्त फोनवर चालेलच असं नाही.

आयफोनचंही तेच. २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईव्हीसी आलं. आयफोन १२ पासून पुढच्या फोनांत त्यावर १० बिट एचडीआर (रंग आणि उजेडाचा वाढीव पल्ला) चढतो. एचडीआर फाइल साध्या पद्धतीने बदलली की रंग फिके पडतात. बीजप्रक्रिया केलेल्या दाण्याचा रंग दाखवायचा असेल तर हे परवडणारं नाही. पुढच्या चित्रीकरणाला सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथं ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा आणि रेकॉर्ड व्हिडिओमध्ये एचडीआर बंद करा. केबलने फाइल घेताना मध्येच तुटत असेल तर फोटोजच्या सेटिंगमध्ये ट्रान्सफर ‘ऑटोमॅटिक’वर असतं, ते ‘कीप ओरिजिनल्स’ करा. व्हॉट्सॲपवरून मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओ म्हणून आलेली फाइल चालते बिनबोभाट, पण दाण्याचा अंकुर ओळखू येणार नाही इतकी दाबली जाते.

हँडीकॅमची एमटीएस म्हणजे एव्हीसीएचडी. चित्र एच.२६४ असतं, पण इंटरलेस्ड. सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम, एकीत सम रेघा तर दुसरीत विषम. त्या तशाच एकत्र ठेवल्या की हलत्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. आवाज बहुधा एसी-३ असतो. साइटने वेष्टन बदललं, आतला एसी-३ तसाच ठेवला, आणि बऱ्याच ब्राउझरांना तो वाजवता येत नाही. ती बदललेली फाइल टाकून द्या, मूळ एमटीएसपासून पुन्हा करा. लांब चित्रीकरण असेल तर कॅमेऱ्याने त्याचे सुमारे २ जीबीचे तुकडे केलेले असतात. ते आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपी आदेशाला ‘/बी’ लावून (बी रोमन लिपीतला) क्रमाने जोडा आणि मग बदला. वेगवेगळे बदलून नंतर जोडले तर सांध्यावर आवाज अडखळतो.

प्रश्न आधी उगवतात याचं कारण बदलता फ्रेमरेट. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला ३० ऐवजी २४-२५ फ्रेम घेतो. फ्रेमचा हिशोब एकसारखा धरून चालणारं सॉफ्टवेअर मग चुकतं, आणि ती चूक मिनिटागणिक साचत जाते. मीडियाइन्फोत फ्रेमरेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसेल.

आता साचा. वेष्टन एमपी४. चित्र एच.२६४, ८ बिट, ४:२:०, प्रोफाइल मेन किंवा हाय. ७२०पी ला लेव्हल ३.१ पुरते, १०८०पी ला ४.०. फ्रेमरेट स्थिर. रुंदी आणि उंची सम संख्येत. आवाज एएसी-एलसी, ४८ किलोहर्ट्झ. आणि फाइलीची अनुक्रमणिका, म्हणजे आत काय कुठे आहे याची यादी, सुरुवातीला.

हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्ट ७२०पी३०’ हा प्रीसेट घ्या, पण तसाच चालवू नका. समरी टॅबवर ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ला खूण करा. अनुक्रमणिका पुढे येते ती यानेच, नसता काही सर्व्हरवरून अख्खी फाइल उतरेपर्यंत चित्र सुरूच होत नाही. व्हिडिओ टॅबवर एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४), १० बिटवाला नाही. फ्रेमरेट मूळ फाइलीचाच ठेवा: फोनच्या फाइलीला ३०, हँडीकॅमला २५. त्याच्या खाली प्रीसेट ‘पीक फ्रेमरेट’ ठेवतो, तिथं ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करा. सगळे हीच खूण विसरतात आणि प्रश्न पुन्हा सरकतात. क्वालिटी आरएफ २२ ते २३ (आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल जड). ऑडिओत एएसी, स्टिरिओला १२८ किलोबिट, नुसतं बोलणं असेल तर मोनो ६४. एमटीएससाठी फिल्टर्समध्ये डीइंटरलेस ‘डीकॉम्ब’ चालू.

उभा धरून काढलेला व्हिडिओ काही सॉफ्टवेअरमध्ये आडवा पडतो, कारण फोन चित्र फिरवत नाही, फक्त ‘फिरवून दाखवा’ अशी नोंद ठेवतो. हँडब्रेकमधून गेला की तो खरोखर फिरलेला निघतो.

तेरणा_धाराशिव

वरचं सगळं बरोबर. मात्र ओबीएसच्या एमकेव्हीला हँडब्रेकमधून काढू नका. त्यात बहुतेक वेळा एच.२६४ आणि एएसीच असतं, फक्त वेष्टन बदलायचं आहे. ओबीएसमध्येच फाइल मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे. तिथं फाइल टाकली की काही सेकंदांत एमपी४ मिळते, चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथं ‘ऑटोमॅटिकली रीमक्स’ला खूण केली तर दरवेळी आपोआप होतं.

कुणी म्हणेल, मग थेट साध्या एमपी४ मध्येच रेकॉर्ड करू. आपल्याकडे तसं करू नये. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मधेच लोडशेडिंग झालं आणि यूपीएस नसला की तासाभराची फाइल उघडतच नाही. एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं.

ओबीएसमध्ये आणखी दोन जागा तपासा. ॲडव्हान्स्डमध्ये कलर फॉरमॅट एनव्ही१२ असावा. कुणी अक्षरं ठळक दिसावीत म्हणून आय४४४ केला असेल तर फाइल व्हीएलसीत चालते आणि बऱ्याच ब्राउझरांत चालत नाही. ती मात्र पुन्हा एन्कोड करावीच लागते. दुसरं, माइक कोणत्या ट्रॅकवर आहे ते बघा. ऑथरिंग सॉफ्टवेअर सहसा पहिलाच ट्रॅक उचलतं. माइक दुसऱ्यावर असेल तर संगणकाचा आवाज येईल आणि शिकवणाऱ्याचा नाही.

फक्त आवाजच बदलायचा असेल, म्हणजे चित्र एच.२६४ प्रोग्रेसिव्ह (इंटरलेस्ड नसलेलं) आणि आवाज एसी-३ किंवा पीसीएम, तर ॲव्हिडेमक्स वापरा. व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’, ऑडिओ आउटपुट एएसी, खाली एमपी४ मक्सर. मक्सरच्या कॉन्फिगरमध्ये अनुक्रमणिका सुरुवातीला न्यायचा पर्याय आहे, तोही घ्या.

एफएलव्हीचंही आधी आत बघा. शेवटच्या काळातल्या बऱ्याच एफएलव्हीत एच.२६४ असतं, ती नुसती कॉपी करून एमपी४ होते. त्याआधीच्यांत सोरेन्सन किंवा व्हीपी६ असतं, त्या हँडब्रेकमधून काढा. मूळ चित्रच ३२०×२४० असेल तर ७२०पी ला फुगवू नका. स्लाइडवर छोट्या चौकटीत मूळ आकारात ठेवा.

एसडब्ल्यूएफ हा व्हिडिओच नाही, तो चालवायचा प्रोग्राम आहे, म्हणून कोणताही कन्व्हर्टर त्याला नीट हात लावत नाही. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच मजकूर अडवायला सुरुवात केली. रफल हा मोफत इम्युलेटर घ्या, धडा त्यात चालवा, ओबीएसने ती खिडकी रेकॉर्ड करा. फक्त खिडकीचा भाग कापून घेताना रुंदी-उंची विषम येऊ देऊ नका. ४:२:० मध्ये रंगाचा एक नमुना दोन बाय दोन ठिपक्यांना असतो, म्हणून ७६७ सारख्या उंचीवर एन्कोडर थांबतो. जिथं विद्यार्थ्याने बटण दाबायचं होतं तिथं रेकॉर्डिंग तोडा आणि ते बटण ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये नव्याने बांधा. मेहनत आहे, पण धडा जिवंत राहतो.

सिंदफणा_बीड

एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. फाइल साच्यात आणली म्हणजे काम झालं असं धरू नका. बरीच ऑथरिंग सॉफ्टवेअर पब्लिश करताना व्हिडिओ स्वतःच्या हिशोबाने पुन्हा दाबतात. तुम्ही आरएफ २३ ने केलेली फाइल दुसऱ्यांदा दाबली की स्लाइडवरची मराठी अक्षरं पहिल्यांदा मरतात. काना-मात्रा राहतात, अनुस्वार आणि रफार पुसट होतात. खताच्या मात्रेचा आकडा किंवा औषधाचं नाव वाचता आलं नाही तर तो कोर्स कशाला करायचा?

म्हणून पब्लिश सेटिंगमध्ये व्हिडिओ कॉम्प्रेशन बंद करता येतं का बघा. येत नसेल तर असं करा. पॅकेज काढा आणि झिप उलगडा. आतल्या फोल्डरमधून एमपी४ शोधून मीडियाइन्फोने तपासा. बिटरेट किंवा फ्रेमरेट बदललेला दिसला तर तुमची मूळ तयार फाइल तेच नाव देऊन तिथं ठेवा. लांबी तंतोतंत तीच हवी, नसता प्रश्नांच्या वेळा बिघडतील. मग पुन्हा झिप करा. झिप करताना बाहेरचं फोल्डर नाही, आतला सगळा मजकूर निवडायचा. आयएमएस-मॅनिफेस्ट नावाची एक्सएमएल फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर असायला हवी. ती एक फोल्डर आत गेली की मूडल पॅकेज नाकारतं.

अशी अदलाबदल करायचीच नसेल तर आधीची फाइल थोडी जड द्या, आरएफ १८ ते १९. म्हणजे दुसऱ्या दाबणीत गमावायला काहीतरी असतं.

आकाराचा हिशोबही आधी करा. सेकंदाला चित्र ८०० आणि आवाज ९६ किलोबिट धरला तर दहा मिनिटांचे ६७ एमबी होतात. चित्र ४०० आणि आवाज ६४ धरला तर ३५ एमबीच्या आत. स्लाइड आणि बोलणं यासाठी ४०० पुरतं. दाणे, पान, हाताची हालचाल जवळून दाखवायची तर पुरत नाही, तिथं ८०० च्या खाली जाऊ नका. आरएफमध्ये आकार आधी सांगता येत नाही. ठरावीक एमबीत बसवायचं असेल तर ‘ॲव्हरेज बिटरेट’ आणि सोबत मल्टी-पास घ्या.

प्रश्न चुकला की दोन मिनिटं मागे नेणारी उडी ठेवणार असाल तर कीफ्रेमचं (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमचं) अंतरही कमी करा. ते सहसा दहा सेकंदांपर्यंत असतं, आणि उडी मारल्यावर फोनला आधीच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं. साध्या फोनवर तेवढा वेळ चित्र गोठतं. हँडब्रेकच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या चौकटीत के-ई-वाय-आय-एन-टी ही अक्षरं रोमनमध्ये, छोट्या लिपीत, जोडून लिहा आणि बरोबरच्या चिन्हापुढे ६०. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर साठ म्हणजे दोन सेकंद झाले. फाइल थोडी वाढते.

मांजराकाठ, लातूर

मीडियाइन्फोत अंदाज बरोबर निघाले. फोनच्या दोन्ही फाइली एचईव्हीसी, व्हेरिएबल. एमटीएस एसी-३. कॉन्स्टंट फ्रेमरेट केल्यावर प्रश्न वेळेवर येताहेत आणि सगळे व्हिडिओ इम्पोर्ट झाले.

आता सर्व्हरवरची अडचण. संगणकावर प्रिव्ह्यूत सगळे चालतात. मूडलवर चढवल्यावर दोन चालत नाहीत, नुसतं गोल फिरत राहतं. पहिल्या स्लाइडचा व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा, तो फोनवर होत नाही. आणि मराठी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

पूर्णा_परभणी

त्या दोन फाइलींची नावं मराठीत आहेत का? किंवा मध्ये जागा, कंस, मोठी अक्षरं? विंडोजवर छोटं-मोठं अक्षर एकच धरलं जातं, लिनक्स सर्व्हरवर ती दोन वेगळी नावं. देवनागरी नावं तर झिपमध्ये जातानाच बिघडू शकतात, कारण काही झिप सॉफ्टवेअर नाव युनिकोडमध्ये नोंदवतच नाहीत. नाव रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं, शब्दांमध्ये आडवी रेघ, एवढंच ठेवा. बदल ऑथरिंग सॉफ्टवेअरच्या आत करा, म्हणजे फाइल नव्या नावाने पुन्हा इम्पोर्ट करा. फक्त झिपमध्ये नाव बदललं तर स्लाइड जुनंच नाव शोधत राहील.

तरी फिरत राहिलं तर संगणकावर क्रोममध्ये पान उघडून एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये त्या एमपी४ समोरचा आकडा बघा. ४०४ आला तर नावाचाच घोळ. २०६ आला तर सर्व्हर फाइल तुकड्यांनी देतोय, हवं तसं आहे. लांब व्हिडिओला नुसता २०० आला तर सर्व्हर तुकडे देत नाही. तिथं आयफोन व्हिडिओ मुळीच चालवत नाही आणि इतरांना पुढे ओढता येत नाही. हे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच दुरुस्त करावं लागेल. त्याला कंटेंट टाइपही बघायला सांगा, तो ‘व्हिडिओ/एमपी४’ असावा.

आपोआप सुरू न होणं हा फॉरमॅटचा दोष नाही. आवाजासकट आपोआप वाजणारा व्हिडिओ मोबाइल ब्राउझर अडवतात. पहिल्या स्लाइडवर ‘सुरू करा’ असं मोठं बटण द्या आणि व्हिडिओ त्या बटणावर बांधा. म्यूट करून सुरू करता येतो, पण मग सुरुवातीची सूचना कुणाला ऐकू जाणार नाही.

सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ म्हणून जतन झालेली आहे. एकदा तशी जतन झाली की आतली अक्षरं गेली, त्यावरून पुन्हा काढता येत नाहीत. मूळ मजकूर घेऊन ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. मूळच श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. एसआरटीवरून व्हीटीटी करत असाल तर पहिल्या ओळीत रोमन मोठ्या अक्षरांत वेबव्हीटीटी, मग एक रिकामी ओळ, आणि वेळेत सेकंदानंतर स्वल्पविराम आहे तिथं टिंब. स्वल्पविराम राहिला की ती ओळ गुपचूप गाळली जाते, कुठेही चूक दिसत नाही.

तेरणा_धाराशिव

पूर्णा, सबटायटल व्हिडिओतच छापून टाकली तर? फॉन्टची कटकट मिटते.

पूर्णा_परभणी

जमतं, आणि काही जुन्या फोनांवर जोडाक्षरं फुटतात तिथं तोच मार्ग खात्रीचा. पण मग ती बंद करता येत नाहीत, आणि औषधाची मात्रा बदलली की अख्खा व्हिडिओ पुन्हा काढावा लागतो. बीजप्रक्रियेच्या शिफारशी बदलत असतात, म्हणून या कोर्ससाठी वेगळी फाइलच बरी.

मांजरा, शिवारात रेंज नसते तिथल्यांसाठी मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये स्कॉर्म १.२ पॅकेज उतरवून ऑफलाइन चालवता येतं. त्यासाठी साइटच्या स्कॉर्म सेटिंगमध्ये ‘प्रोटेक्ट पॅकेज डाउनलोड्स’ बंद असायला हवं, आणि व्हिडिओ पॅकेजच्या आतच हवेत, यूट्यूबची लिंक दिलेली चालणार नाही. सगळा कोर्स एकाच झिपमध्ये भरू नका. चाचणीचा एक आणि बीजप्रक्रियेचा एक, अशी दोन पॅकेजं केली तर गावात जेवढा डेटा उरलाय तेवढ्यात एक तरी भाग उतरून घेता येईल.